बदामीचा खडक आणि पंचेचाळीस मुले

डिसेंबर २०२४ च्या सहलीत बदामीला आपल्या शाळेचा एक मुलगा हरवला होता, ही बातमी आमची बस परत येण्याआधीच गावात पोचली होती. वाटेत ती थोडी वाढलीही. कुणी म्हणाले मुलगा कड्यावरून पडला, कुणी म्हणाले रात्रभर सापडला नाही, आणि एका गृहस्थांनी तर आम्हाला बाजारात थांबवून 'पोलीस केस झाली काय हो?' असे विचारले. विश्वस्त मंडळापुढे सगळी हकीकत आम्ही तोंडी सांगितलीच आहे. पण सर्व पालकांना ती नीट कळावी म्हणून मुलांबरोबर गेलेले आम्ही पाचजण, म्हणजे तीन शिक्षक आणि दोन पालक, मिळून हे लिहीत आहोत. मुलाच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. त्याचे नाव मात्र लिहीत नाही. ते सगळ्या शाळेला ठाऊकच आहे.

आधी सहलीविषयी. दरवर्षी आपण पन्हाळा, जोतिबा, फार तर रायगड करतो. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी बदामी मागितली. 'बदामीला आपले काय आहे?' असा प्रश्न सभेत निघाला होता. तेव्हा आमच्याजवळ एकच उत्तर होते, ते म्हणजे मलप्रभा नदी. आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी ही नदी बदामीजवळून, पट्टदकल आणि ऐहोळेच्या देवळांना लागून वाहते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. नदी जाते तिथे आपण का जाऊ नये, असे आमचे म्हणणे. १९५६ च्या आधी विजापूर जिल्ह्यातले बदामी आणि आपले बेळगाव दोन्ही मुंबई राज्यातच होते, हेही एका पालकांनी सांगितले. परवानगी मिळाली.

पहाटे पाचला छेचाळीस मुले घेऊन निघालो. थंडी चांगलीच होती. बैलहोंगल मागे पडले तेव्हा निम्मी बस झोपलेली होती, आणि उरलेल्या निम्म्या बसने भडंगाच्या पुड्या फोडल्या होत्या. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला उतरलो. तिथे मलप्रभेने डोंगर मधोमध चिरून वाट काढली आहे, आणि नेमक्या त्याच खिंडीत धरणाची भिंत घातली आहे. मुलांनी धरण पाहिले. आमच्या भूगोलाच्या सरांनी मात्र मुलांना धरणाकडे पाठ करून उभे केले आणि खडक दाखवला.

हे थोडे सांगायलाच हवे, कारण पुढे त्याचा संबंध येतो. निपाणीपासून कोल्हापूर, पुणे, पार नाशिकपर्यंत आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले, त्याचा हा दगड. रायगड त्याचा, पन्हाळा त्याचा, निपाणीच्या तंबाखूची काळी मातीही त्याचीच. हा काळा दगड दक्षिणेकडे येत येत बेळगावच्या आसपास संपतो. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बदामी या पट्ट्यात त्याच्यापेक्षा कितीतरी जुना, वाळूचा बनलेला तांबूस खडक वर येतो. गोकाकचा धबधबा याच जातीच्या खडकावरून पडतो. 'म्हणजे सर, दगडांचीपण बॉर्डर आपल्याकडंच हाय?' असे एका मुलीने विचारले आणि सगळे हसले. सरही हसले, पण ते म्हणाले, 'हाय, पण तिथं नाका नाही.'

रामदुर्गमार्गे बदामीला पोचायला साडेअकरा झाले. गाव लहान, गल्ल्या अरुंद. गल्ली संपते आणि एकदम समोर तळे येते. हे अगस्त्य तीर्थ. तळ्याच्या दोन्ही अंगांना तांबडे कडे सरळ उभे आहेत. दक्षिणेच्या कड्यात लेणी, उत्तरेच्या कड्यावर किल्ला आणि देवळे. घाटावर बायका धुणे धूत होत्या. कपडा आपटला की क्षणभराने समोरच्या कड्यातून दुसरी बाई आपटते आहे असा आवाज येई. मुलांना लेण्यांपेक्षा हेच जास्त आवडले असावे, कारण पुढे पंधरा मिनिटे सगळेजण कड्याला आपापली नावे ऐकवत होते.

लेण्यांविषयी पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून इथे थोडक्यात लिहितो. चार लेणी, पहिल्यात अठरा हातांचा नटराज, शेवटचे जैनांचे. तिसरे विष्णूचे लेणे सगळ्यांत मोठे. त्यात शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा, कीर्तिवर्मा राजाच्या काळातला, त्याचा भाऊ मंगलेश याचा लेख आहे. आमच्यातल्या एका पालकांचे घराणे गवंड्यांचे. ते मूर्ती सोडून छताकडे आणि खांबांच्या कडांकडेच बघत राहिले. 'आपल्या काळ्या दगडात एवढं बारीक काम करायला जन्म जाईल. ह्यो दगुड छिन्नीला राजी हाय,' असे ते म्हणाले. मुलांनी खडकावर बोट घासून बघितले तर बोटाला वाळू लागली. सरांनी तेव्हाच बजावले होते की हा दगड दिसतो धरायला सोपा, पण त्यावर सुटी वाळू असते आणि बूट घसरतो.

जेवण तळ्याकाठी. माकडांनी दोन डबे नेले.

साडेतीनला उत्तरेच्या डोंगराकडे निघालो. पुराणवस्तू संग्रहालयाच्या शेजारून पायऱ्या सुरू होतात. फाटकाशी आम्ही मुले मोजली, छेचाळीस. ही चढण ज्यांनी केलेली नाही त्यांना कल्पना येणार नाही. सह्याद्रीतला गड चढताना आपण डोंगराच्या अंगावरून चढतो, इथे डोंगराच्या पोटातून चढतो. खडक उभा फाटलेला आहे, आणि त्या फटीतून पायऱ्या वर जातात. दोन्हीकडे तीस-चाळीस फूट उंच तांबड्या भिंती, वर आभाळाची एक पट्टी. काही ठिकाणी दोन माणसे शेजारी-शेजारी जेमतेम मावतात. उन्हातून आत शिरले की माठाजवळ बसल्यासारखे गार वाटते. भिंतींवर तिरप्या रेघांचे पट्टे आहेत. कधीकाळी वाहत्या पाण्याने वाळू अशी तिरपी टाकली आणि तिचा दगड झाला. त्या रेघांवरून हात फिरवत चढायचे. मुख्य वाटेला दोन्ही बाजूंना आणखी फटी फुटतात. त्यांतल्या काही पुढे वाटेला येऊन मिळतात, काही नुसत्याच आत जाऊन संपतात.

मुले धावत होती. आम्ही धावू नका म्हणत होतो, आणि आमच्यातले दोघे धापा टाकत होते. ठरल्याप्रमाणे एक शिक्षक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत शेवटी असायला हवे होते. शेवटी राहणाऱ्या बाई एका मुलीच्या बुटाचा तळ निघाला म्हणून थांबल्या, त्यांच्याजवळची दोरी घेऊन तो बांधला, आणि मग दोघी भराभर वर आल्या. बाईंना वाटले आपल्या मागे कुणी नाही. ही चूक बाईंची एकट्यांची नव्हे. मधल्या तिघांनी मधे थांबून मोजायला हवे होते, ते आम्ही केले नाही.

माथ्यावर वरचा शिवालय म्हणून ओळखले जाणारे सातव्या शतकातले देऊळ आहे. वारा इतका की टोपी राहत नाही. खाली तळे हिरव्या ताटलीएवढे दिसते आणि त्याच्या पलीकडे सकाळी पाहिलेली लेणी. याच डोंगरावरच्या एका खडकावर पहिल्या पुलकेशीचा शके ४६५ चा, म्हणजे इसवी सन ५४३ चा लेख आहे. खालून आणि वरून, दोन्हीकडून अजिंक्य असा हा किल्ला मी केला, असे त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांनी, ६४२ च्या सुमारास, कांचीच्या पल्लवांनी तो घेतलाच. पुढे मे १७८६ मध्ये मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी तो टिपूकडून घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी. सर हे सांगत असताना बाई मुले मोजत होत्या. बाईंनी दोनदा मोजली. मग हळूच सरांजवळ येऊन म्हणाल्या, 'पंचेचाळीस.'

तो क्षण आम्ही पाचहीजण विसरणार नाही. आम्ही कड्याच्या टोकावर उभे होतो, तिथे कठडा नव्हता, आणि पुढे काही न बोलता आमच्यातले तिघे टोकाकडे गेले आणि खाली बघू लागले.

कोण नाही ते लगेच कळले. आठवीतला, अगदी शांत मुलगा. सहसा शेवटी चालणारा. सोबतीला जोडीदार दिला होता, पण त्याने सांगितले, 'तो म्हणला तुमी व्हा म्होरं, मी येतो.' आणखी खोदून विचारल्यावर कळले की पायऱ्यांवर मुलांनी त्याला परत 'अज्जी, अज्जी' म्हणून चिडवले होते. त्याची आजी रामदुर्गकडची आहे, घरात तिच्याशी कन्नडमध्ये बोलावे लागते. शाळेत एकदा ती त्याला न्यायला आली आणि तेव्हापासून हे नाव पडले. हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. पोरांचे चालायचेच म्हणून आम्ही ते सोडून दिले होते.

दोघांनी मुलांना देवळाच्या आवारात बसवून धरले, तिघे खाली पळालो. प्रत्येक फटीत डोकावून हाक मारत होतो. सकाळी गमतीचा वाटलेला प्रतिध्वनी आता वैरी झाला. एक हाक चार बाजूंनी परत येई, आणि मुलाने ओ दिली असली तरी ती कुठून आली हे कळणे शक्य नव्हते. फाटकावरच्या पहारेकऱ्याला आम्ही आमच्या मोडक्या कन्नडमध्ये 'नम्म हुडुग, नम्म हुडुग' एवढेच सांगू शकलो. इतकी वर्षे बेळगावात काढून ऐन वेळी दोन शब्द आठवले. तो समजला. त्याने आम्हाला गप्प बसायला सांगितले आणि स्वतः फटीच्या तोंडाशी उभा राहून कान दिला. मग डावीकडच्या एका आंधळ्या फटीत शिरला. आम्ही ती वाट बंद आहे म्हणून सोडून दिली होती.

मुलगा तिथे होता. जमिनीवर नव्हता. दोन पुरुष उंचीवर खडकाला एक आडवी कड होती, हातभर रुंद, तिच्यावर भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याची टोपी माकडाने नेली होती. टोपी वडिलांची, म्हणून तो मागे गेला. माकड त्या कडेवर टोपी टाकून पुढे सरकले, हा चढला, माकडाने टोपी पुन्हा उचलली. चढताना वाळूच्या खडकाला खाचा सापडत गेल्या. उतरायला पाय खाली सोडला तर खाच दिसेना आणि बूट घसरला. तेव्हापासून तो हलला नव्हता. आमच्या हाका त्याला ऐकू येत होत्या. त्याने ओ दिली नाही, कारण, हे त्याने नंतर सांगितले, ओरडलो तर तोल जाईल असे त्याला वाटत होते.

गवंडी पालक वर चढू लागले. चार हात चढून त्यांचाही पाय सुटला, गुडघा फुटला. 'सर, खालून जमंना,' ते म्हणाले. वरून तर वाटच नव्हती. खालून आणि वरून अजिंक्य.

बदामीचे हे कडे दोर लावून चढायला देशभरातून आणि परदेशातूनही लोक येतात. गावातली काही मुलेही ते शिकली आहेत. पहारेकऱ्याने जाऊन अशा दोघा तरुणांना आणले. पायांत पातळ रबरी बूट, कमरेला खडूच्या भुकटीची पिशवी. एकजण शेजारच्या चिरेतून पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रेटत वर सरकला आणि मुलाच्या कमरेला पट्टा बांधून दोर अडकवला. दुसरा त्याच्या खाली भिंतीला चिकटून उभा राहिला. आम्ही खालून मराठीत ओरडत होतो, डावा पाय, उजवा पाय, खाली बघू नको, तिघांचे तीन सल्ले. खालच्या तरुणाने मागे न बघता हात वर करून आम्हाला थांबवले. मग तो एकटाच बोलू लागला. 'हेदरबेड.' भिऊ नको. 'केळग नोडबेड.' खाली बघू नको. 'एडगाल इळिसु.' डावा पाय खाली सोड. मुलाने डावा पाय सोडला, तरुणाने तो हाताने धरून खाचेत बसवला. मग उजवा. मधूनमधून तो 'सावकाश, सावकाश' म्हणत होता. हा शब्द त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. पण बाकीचे सगळे त्या मुलाला एकदाही विचारावे लागले नाही. बारा-तेरा फूट उतरायला आठ-दहा मिनिटे लागली असतील.

खाली उतरल्यावर तो रडला नाही. रडले आमच्यातलेच एकजण. तरुणांनी पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा आमच्या पैशाने घेतला नाही. मुलाशी मात्र ते बराच वेळ बोलत बसले. काय बोलले ते आम्हाला सगळे कळले नाही. एकाने त्याला स्वतःचे बूट हातात देऊन तळवा दाखवला. वर थांबलेली मुले खाली आली तेव्हा तो पायरीवर त्या दोघांच्या मधे बसलेला होता आणि त्यांच्या भाषेत काहीतरी सांगून त्यांना हसवत होता. चिडवणारी मुले थोडा वेळ लांब उभी राहिली. मग त्यांतला एकजण पुढे येऊन म्हणाला, 'काय म्हणाल्यात रे ते? सांग की.'

हरवल्यापासून सापडेपर्यंत पस्तीस मिनिटे गेली. पोलिसांना बोलवावे लागले नाही. संध्याकाळी सहाला मुक्कामाच्या जागेवरून आम्ही त्याच्या घरी फोन केला, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आमच्याकडून कळावे. वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी फोन आजीला दिला. आजीने सगळे ऐकून घेतले आणि मराठीत विचारले, 'उद्या बनशंकरीला जाणार न्हवं? मग नारळ द्या, आनि त्या पोरांस्नी जेवू घाला.'

बनशंकरी बदामीपासून पाच किलोमीटरवर. आपल्याकडच्या कितीतरी घरांचे ते कुलदैवत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नारळ दिला. दोघा तरुणांना निरोप पाठवला होता, त्यांतला एक आला. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी, दही घेऊन बसतात. तिथेच सगळे जेवलो. ऑर्डर देण्याचे काम मुलांनी आपणहून त्याच्याकडे सोपवले. हिशेबात आमची एक भाकरी जास्त आली.

तिथून पट्टदकल आणि ऐहोळे. ऐहोळेच्या मेगुती देवळात रवीकीर्तीचा शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४ चा लेख आहे. त्यात दुसरा पुलकेशी, म्हणजे बदामीचाच राजा, नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असे लिहिले आहे. पुढे थोड्याच वर्षांनी चिनी प्रवासी ह्युएनत्संग आला. त्याने या राजाच्या मुलखाला महाराष्ट्र म्हटले, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे लिहून ठेवले. सर हे सांगत होते तोच मागून प्रश्न आला, 'सर, त्या नव्व्याण्णव हजारात बेळगाव होतं का?' लेखात गावांची यादी नाही, असे सरांनी सांगितले. यावर बसमध्ये सौंदत्तीपर्यंत वाद चालला. आम्ही त्यात पडलो नाही. आम्ही दर थांब्यावर मुले मोजत होतो.

विश्वस्तांनी पुढच्या सहलींसाठी काय करणार असे विचारले आहे. मुलांचे सहासहाचे गट, प्रत्येक गटामागे एक मोठा माणूस, म्हणजे छेचाळीस मुलांना पाच नव्हे, आठजण लागतील. पालकांपैकी कुणाला येणे जमत असेल तर कार्यालयात नाव द्यावे. प्रत्येक मुलाच्या खिशात आमच्या फोन नंबराची चिठ्ठी असेल, मराठीत आणि कन्नडमध्ये. चढणीवर शेवटचा शिक्षक काही झाले तरी शेवटीच राहील. दोन वर्गांत चिडवाचिडवीबद्दलही आम्ही बोललो. उशीर झाला, हे खरे.

त्या मुलाने जानेवारीत खेळाच्या सरांना विचारले की तसला दोर कुठे मिळतो. खानापूरच्या बाजारात मिळतो तो चालणार नाही, एवढेच सरांनी त्याला सध्या सांगितले आहे.